रीडिंग रूमचा पासवर्ड

"नाही उघडत, मावशी. पासवर्ड चुकीचा आहे म्हणते."

मॅडमनी हे दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्या वेळी त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. या वेळी नव्हता.

मी तळमजल्यावर सर्व्हरच्या खोलीत अनवाणी उभी होते. इंटरकॉमचा फोन एका कानाला आणि दारात मॅनेजर. मॅडम म्हणजे आमच्या स्कॅन सेंटरच्या डॉक्टरीणबाई. दुसऱ्या मजल्यावरच्या रीडिंग रूममध्ये बसून त्या स्कॅनचे फोटो वाचतात आणि रिपोर्ट लिहितात. स्कॅनच्या खोलीबाहेर स्ट्रेचरवर समोरच्या हॉस्पिटलातून आणलेली उमरेडची एक मुलगी पडली होती. बावीस वर्षांची. हाक मारली की आधी डोळे उघडायची, आता उघडत नव्हती. तिच्या डोक्यात पाणी साचायचं, म्हणून मागल्या वर्षी एक नळी बसवली होती. ती नळी पाणी पोटात उतरवते. नळी तुंबली असेल तर लगेच डोकं उघडावं लागतं. तुंबली नसेल आणि उगाच उघडलं तर तेही जिवावरचं. स्कॅन मशीनच्या पडद्यावर आजच्या फोटोत पाणी दिसत होतं, पण अशा पोरींच्या डोक्यात थोडं पाणी नेहमीच असतं. मागल्या वर्षीपेक्षा ते वाढलं की तेवढंच आहे, हे जुना फोटो शेजारी ठेवल्याशिवाय कोणी छातीठोक सांगू शकत नव्हतं.

जुनी फिल्म उमरेडला घरी कपाटावर राहिली होती. मुलीचा भाऊ ती आणायला बसने निघाला होता. जाऊन येऊन तीन तास. तोच फोटो आमच्या सर्व्हरमध्ये होता, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. मॅडमना तो वर उघडता येत नव्हता, कारण आदल्या दिवशी रीडिंग रूमचा पासवर्ड बदलला होता. तो मी बदलला होता.

"मावशी, तुम्ही रोज पोछा मारता म्हणून मशीन काही तुमची होत नाही," मॅनेजर म्हणाले. "चौथी शिकलेल्या बाईच्या हाती किल्ली दिली की हेच होणार. मी आधीच बोललो होतो."

ते खरंच आधी बोलले होते. मी चौथीच शिकले आहे. दोन्ही खरं होतं.

आता हे काम माझ्याकडे कसं आलं ते सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी काही चमत्काराची गोष्ट सांगते आहे. रामदासपेठेतल्या या सेंटरमध्ये मी लागले तेव्हा इथे फक्त एक्स-रे होता. आज जी सर्व्हरची खोली आहे, ती तेव्हा डार्करूम होती. मी तिथे फिल्म धुवायची. काळोखात फिल्म फ्रेमला लावायची, पहिल्या टाकीत बुडवायची, मनात आकडे मोजायचे, काढायची, दुसऱ्या टाकीत घालायची. त्या औषधाने बोटांची कातडी जाड होते. माझी झाली. आजही गरम भांडं उचलते तर सून ओरडते, मला काही वाटत नाही.

इंग्रजी अक्षरं मी तिथेच शिकले. एक्स-रे काढताना पेशंटच्या अंगाशी शिशाचं अक्षर ठेवतात, डाव्या बाजूला एल आणि उजव्या बाजूला आर. ही दोन पहिली. मग पाकिटांवरची नावं. पाकीट चुकीच्या माणसाला दिलं तर एकाची मोडलेली बरगडी दुसऱ्याच्या छातीत निघेल, म्हणून अक्षर न अक्षर जुळवूनच पाकीट द्यायचं. मला शब्दांचे अर्थ येत नाहीत. अक्षरं सगळी येतात. अर्थ येणाऱ्यांच्या हातून पाकिटं चुकली आहेत. माझ्या हातून एक नाही.

पुढे फिल्म धुणं बंद झालं. टाक्या भंगारात गेल्या आणि त्या खोलीत थंड हवेचं यंत्र आणि सर्व्हर आला. सगळे फोटो त्याच्यात जातात, आणि सेंटरमधली बाकीची कॉम्प्युटर त्याच्यातून ते बघतात. स्कॅन मशीनचं एक नाव, काउंटरचं एक नाव, रीडिंग रूमचं एक नाव, आणि प्रत्येक नावाचा वेगळा पासवर्ड. जुने फोटो मात्र फक्त रीडिंग रूमच्या नावानेच उघडतात. सेंटरचा नियम असा की कोणी नोकरी सोडली, की त्याला माहीत असलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलायचा.

हे काम आधी कॉम्प्युटरवाले भाऊ करायचे. ते लकडगंजला राहतात. गुडघे गेल्यावर त्यांना रोज येणं होईना, मग ते फोनवरून सांगायचे आणि काउंटरवरची मुलगी टाइप करायची. पण एक तर ती घाबरायची, कारण त्या काळ्या पडद्यावर पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही. अक्षर नाही, ठिपका नाही, काही नाही. आपण टाइप करून राहिलो की नाही हेच कळत नाही. आणि दुसरं म्हणजे सकाळी बदललेला पासवर्ड दुपारच्या डब्यापर्यंत सगळ्या सेंटरला पाठ असायचा. एकदा भाऊ फोनवर वैतागले, "अशी एक बाई द्या गा मले, जिच्या पोटात गोष्ट राहते!" मोठे डॉक्टर तेव्हा शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. आमचं सेंटर त्यांचंच.

मी म्हटलं, "मले येत नाही."

भाऊ फोनवरून म्हणाले, "मावशी, तुमाले काळोखात काम येते ना? हे तेच हाय."

ते मला पटलं. वीस वर्षं मी न बघता काम केलं होतं. त्या दिवशी मी कागदावर नऊ अक्षरं लिहून घेतली. एस, एम, बी, मग पी, ए, एस, एस, डब्ल्यू, डी. त्यापुढे जागा सोडायची आणि ज्याचा पासवर्ड बदलायचा त्याचं नाव. एंटर. मग मशीन विचारते, नवा शब्द सांग. सांगायचा. परत विचारते, पुन्हा सांग. पुन्हा सांगायचा. दोन्ही सारखे असले तर मशीन मानते. नसले तर मानत नाही, सरळ तोंडावर सांगते. मला ही पद्धत आवडली. माणसांनीही प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली असती तर पुष्कळ लग्नं झाली नसती.

भाऊंनी एक गोष्ट बजावून ठेवली होती. एस, एम, बी ही पहिली तीन अक्षरं गाळली तरी मशीन पासवर्ड बदलते, पण तो वेगळा पासवर्ड. तो बदलून फोटोंची कपाटं उघडत नाहीत. दोन्ही किल्ल्या एकसारख्या, कुलपं वेगळी. म्हणून मी ती तीन अक्षरं तोंडाने म्हणत टाइप करते. अजूनही म्हणते.

पासवर्डाला मी भाज्यांची नावं ठेवायची आणि पुढे चार आकडे. न आवडणाऱ्या भाज्या. आवडती भाजी चुकून तोंडून निघते. दोडक्याचं नाव मी आपणहून कधी काढत नाही.

असे किती पासवर्ड बदलले ते मोजले नाहीत. एकही चुकला नव्हता, म्हणून त्या दिवशी मॅडम दुसऱ्यांदा "नाही उघडत" म्हणाल्या तेव्हा माझा विश्वास बसेना.

आदल्या दिवशी दसरा होता. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्यांनी रस्ते भरतात, म्हणून दसऱ्याला आमचं सेंटर दुपारी बंद होतं. सकाळी सगळ्या मशीनची पूजा केली. स्कॅन मशीनला झेंडूचा हार, काउंटरच्या कॉम्प्युटरला हळदकुंकू, सर्व्हरला हळदकुंकू आणि अक्षता. सर्व्हरची पूजा माझी. ती खोली मी कोणाला देत नाही. एक छोटा डॉक्टर दुसऱ्या सेंटरमध्ये जाणार होता, त्याचा तो शेवटचा दिवस. तो सगळ्यांना आपट्याची पानं देऊन, पाया पडून गेला. तो फाटकाबाहेर पडला आणि मी आत येऊन रीडिंग रूमचा पासवर्ड बदलला. दोडका आणि चार आकडे. मशीनने दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं, तिने मानलं. कागदावर लिहून मॅडमच्या हातात दिला. त्यांनी वाचून कागद फाडला. त्यांची सगळी कॉम्प्युटर तोवर बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केली, आणि पहिलाच पेशंट ही मुलगी.

पहिल्यांदा उघडलं नाही तेव्हा मी म्हटलं, काल घाईत काही झालं असेल. पुन्हा नऊ अक्षरं, पुन्हा नाव, पुन्हा दोडका आणि आकडे, दोनदा. मशीनने मानलं. वर उघडलं नाही. तिथेच ही गोष्ट मी सुरू केली आहे.

भाऊंचा फोन बंद. ते सासुरवाडीच्या गावी निघाले होते, गाडीत होते.

"प्लग काढून परत लावतो," मॅनेजर म्हणाले. "सगळं रीस्टार्ट होऊन जाईल."

"चपला काढा आधी."

"काय?"

"चपला घालून आत नाही यायचं. आणि प्लगलेही हात नाही लावायचा. भाऊंनी सांगून ठेवलं हाय, असा प्लग काढला तर फोटो जाऊ शकतात. मग जुना फोटो कोणालेच नाही भेटणार."

"मावशी, पोरगी मरून राहिली तिकडे!"

"म्हणूनच म्हणून राहिली. बाहेर थांबा."

मी दारात आडवी उभी राहिले. माझी उंची पाच फूटही नाही. ते मला ढकलू शकत होते. त्यांनी ढकललं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

तेवढ्यात मुलीची आई त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. तिला कोणीतरी सांगितलं असावं की खोळंबा या खोलीत आहे. सुती लुगडं, पायात काही नाही, हातात मुलीचा स्वेटर.

"बाई वं, काहून थांबले सारे? तिकडचा डॉक्टर फोनवर फोन करून राहिला. कोणी काही सांगत नाही मले."

मॅनेजर म्हणाले, "होत आहे, होत आहे, तुम्ही तिकडे बसा."

मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "माझ्याच्यानं कुलूप लागलं हाय. मीच खोलते. तू पोरीपाशी जा. तिच्याशी बोलत राय. आयकत असन ती."

"खुलन ना?"

"खुलन."

ती गेली. मी असं का म्हटलं मला माहीत नाही. मला तेव्हा काहीच सुचलं नव्हतं.

मी स्टुलावर बसले. मनात म्हटलं, घाई नाही. डार्करूममध्ये फिल्म काळी आली की आम्ही टाकीला शिव्या देत नव्हतो. एकेक गोष्ट तपासायचो. औषध बरोबर? वेळ बरोबर? उजेड कुठून आला? तसंच धरलं. मशीनने दोन्ही वेळा मानलं, म्हणजे मी दोन्ही वेळा सारखंच टाइप केलं. मॅडम वर बरोबर टाइप करतात, त्यांना इंग्रजी माझ्याहून जास्त येतं. मग इथे मी सारखंच टाइप करते, पण दोडका नाही करत. दुसरंच काहीतरी टाइप होतं, आणि दोन्ही वेळा तेच होतं.

मशीनने दोनदा विचारलं म्हणून मी निश्चिंत होते. पण त्याच हाताने, त्याच पाटीवर दोनदा लिहिलं तर चूकही दोनदा सारखीच होते. हे भाऊंनी मला सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं. हे माझं मला सुचलं, आणि त्याचा मला आज अभिमान आहे. उगाच कशाला लपवू?

पासवर्ड टाइप करताना तो दिसत नाही. पण नऊ अक्षरं टाइप करते ती दिसतात. मग मी त्याच जागी, जिथे अक्षरं दिसतात तिथे, दोडका टाइप केला. एंटर दाबलं नाही. नुसतं बघितलं.

डी, ओ, डी, ए. आणि चार आकडे.

के नव्हता.

मी के पुन्हा दाबला. काही नाही. जोरात दाबला. काही नाही. माझ्या बोटांना त्या बटनाचा फरक कळला नव्हता, ती बोटंच तशी आहेत. नऊ अक्षरांत के नाही. रीडिंग रूमच्या नावात के नाही. सर्व्हरच्या आत शिरायचा शब्द वेगळा आहे, त्यातही तो नव्हता. त्यामुळे बाकी सगळं सुरळीत चालत होतं आणि फक्त दोडक्याचा दोडा होत होता.

मी चष्मा काढून, नाक लावून बघितलं. के च्या खाली कडेला लाल होतं. कुंकू. आणि त्याच्या आत पांढरं टोक. तांदळाचा दाणा बटनाखाली जाऊन बसला होता.

अक्षता. माझ्याच हातची.

मॅनेजर दारातून म्हणाले, "काय झालं? काय दिसलं?"

"थांबा."

तो दाणा काढायला केसातली पिन लागली असती आणि पाच मिनिटं गेली असती. आणि माझ्या हातून बटन तुटलं असतं तर आणखी काही. दाणा कुठे पळून जाणार नव्हता. मी दुसरी भाजी घेतली, जिच्या नावात के येत नाही. ती आधी दिसणाऱ्या जागी टाइप केली. एकेक अक्षर बोटाने पडद्यावर मोजलं. सगळी होती. पुसली. मग एस, एम, बी तोंडाने म्हणत नऊ अक्षरं, जागा, नाव, एंटर. नवा शब्द. पुन्हा तोच. मशीनने मानलं.

इंटरकॉमवर मॅडमना शब्द सांगितला. फोनवर पासवर्ड सांगायचा नाही हा माझाच नियम. तो मी त्या दिवशी मोडला, मॅनेजरसमोर.

वर बटनं खडखडली. मग मॅडमच्या खुर्चीची चाकं सरकली.

"उघडलं," त्या म्हणाल्या. आणि इंटरकॉम तसाच चालू ठेवून दुसऱ्या फोनवर बोलायला लागल्या. समोरच्या हॉस्पिटलच्या सर्जनशी. मला त्यातलं इंग्रजी कळलं नाही. पण शेवटी त्या मराठीत म्हणाल्या, "हो, दुपटीने वाढलंय. नळी बंद आहे. घ्या तिला आत."

स्ट्रेचर रस्त्यापलीकडे नेताना चाकांचा आवाज मी खोलीतून ऐकला. आई स्वेटर घेऊन मागे पळत होती. ती माझ्याकडे बघायला थांबली नाही. बरोबरच केलं.

मग मी पिन काढली आणि दाणा बाहेर काढला. मॅनेजर अजून दारातच होते. या वेळी चपला बाहेर होत्या.

"हे काय?"

"अक्षता. काल पूजेत मीच टाकली. बटनाखाली गेली."

ते वाकून दाणा बघायला लागले. त्यांना वाटलं असावं की मी ते सांगणार नाही. सांगितलं नसतं तर कोणाला कळलं असतं? दाणा माझ्या तळहातावर होता. पण मग पासवर्ड का चालला नाही याला दुसरं कारण शोधावं लागलं असतं, आणि दुसरं कारण म्हणजे दुसरं माणूस. ते मला जमलं नसतं.

"चूक तुमचीच म्हणजे," ते म्हणाले.

"चूक माझी. शोधली कोणी?"

ते हसले. पहिल्यांदाच. "मावशी, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही."

"मग कामाले जा."

संध्याकाळी भाऊंचा फोन लागला. मी सगळं सांगितलं. तांदळाचं त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं.

"मावशी," ते म्हणाले, "मी असतो ना, तर आधी नेटवर्क पाहलं असतं, मग सर्व्हर पाहला असता, मग वरचे सारे कॉम्प्युटर पाहले असते. दोन घंटे कुठंच नव्हते गेले. तांदूळ मले दिसलाच नसता."

"तुमचं लक्ष मोठ्या गोष्टीकडे असते."

"टोमणा मारू नका वं मावशी."

"टोमणा नाही. खरं हाय ते."

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी बदलल्या. पासवर्ड आधी दिसणाऱ्या जागी लिहून बघते, पुसते आणि मगच मशीनला सांगते. भाऊंनी ही पद्धत दुसऱ्या दोन सेंटरच्या लोकांनाही शिकवली, फक्त एंटर दाबू नका असं बजावून. माझं नाव सांगितलं की नाही मी विचारलं नाही. सांगितलं असेल. ते तसे सरळ आहेत. आणि दसऱ्याला आता सर्व्हरच्या खोलीत अक्षता जात नाहीत. पूजा दाराच्या चौकटीची होते. पूजा बंद करा असं मॅनेजर म्हणाले होते. पूजा बंद होणार नाही, जागा बदलेल, असं मी म्हटलं. मोठ्या डॉक्टरांनी माझं ऐकलं.

फिल्म घेऊन मुलीचा भाऊ उमरेडहून पोहोचला तेव्हा मुलगी ऑपरेशन होऊन बाहेर आली होती. त्याने ती फिल्म तरीही आमच्या काउंटरवर आणून दिली. मॅडमनी उजेडासमोर धरून बघितली आणि सर्व्हरमधल्या फोटोशी ताडली. तोच फोटो होता. मग फिल्म पाकिटात घालून, पाकिटावरचं नाव अक्षर न अक्षर जुळवून, मी ती त्याच्या हातात परत दिली.

तिसऱ्या दिवशी मी डबा खाऊन समोरच्या हॉस्पिटलात गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं. मुलीचं डोकं भादरलेलं होतं आणि ती आईशी भांडत होती, पातळ खिचडी खाणार नाही म्हणून. आईने मला ओळखलं. "खुललं ना," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "हो." मुलीने विचारलं, "ह्या कोण?" आई म्हणाली, "फोटोवाल्या." मी ते दुरुस्त केलं नाही.

मुलगी जगली. या दसऱ्याला ती तेवीस वर्षांची होती.